नवीन अपार्टमेंट आलं तर आपल्या कॉर्नरला किती ट्रॅफिक वाढतं?

बेळगावात अनगोळ असो, हिंडलगा असो नाहीतर कणबर्गीकडचा भाग, एखाद्या मोकळ्या रानाला पत्र्याचं कुंपण पडलं आणि वर चकचकीत बोर्ड लागला की आठवड्याभरात गल्लीत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, झालं, आता पोरांना शाळेला सोडायला अर्धा तास आधी निघावं लागणार. दुसरी म्हणते, काय होतंय, दोनशे घरं वाढली तर काय आभाळ कोसळत नाही, उलट आपल्या साईटचा भाव वाढतोय की. मग निवेदन द्यायचं ठरतं, सह्या गोळा होतात, फोटो पेपरात येतो. निवेदनात लिहिलेलं असतं, "वाहतुकीची कोंडी होईल." बिल्डरचा माणूस सांगतो, "समोर चाळीस फुटी रस्ता आहे." दोघंही खरंच बोलतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

तर ही कोंडी होते कशी, किती होते आणि ती कुठल्या टप्प्यावर अडवता येते एवढंच बघूया. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर भानगड नको. फ्लॅट किती हा प्रश्न आहेच, पण त्या गाड्या बाहेर कुठून पडणार हा त्याहून मोठा प्रश्न आहे आणि तो आपण जवळजवळ कधीच विचारत नाही.

रस्ता रुंद आहे तर मग अडतं कुठं?

अडतं ते कोपऱ्यावर. दोन चौकांच्या मधला रस्ता सहसा वाहत असतो, कोंडी होते ती जिथं गाड्या वळतात, एकमेकांना आडव्या जातात, नाहीतर फाटक पडतं तिथं. सकाळी पावणेनऊला टिळकवाडीतल्या कुठल्याही शाळेजवळच्या कोपऱ्यावर थोडा वेळ उभं राहून बघा. एक रिक्षा, बाहेरच्या बाजूला दप्तरांची माळ लोंबतेय, ती थांबते आणि त्यातून पोरं उतरायला लागतात, एकाची पाण्याची बाटली खाली पडते, तो ती उचलायला परत वाकतो, मागं उद्यमबागेला कामाला निघालेले बाईकवाले हॉर्न मारतायत, त्यांना डावीकडून जायचं तर तिथं भाजीचा टेंपो उभा आहे, उजवीकडून जावं तर समोरून सिटी बस वळतेय. रस्ता चाळीस फुटीच आहे! पण त्या क्षणी वापरात असलेला रस्ता दहा फूटसुद्धा नाही.

म्हणून "रस्ता किती फुटी" या प्रश्नाचं उत्तर मिळून फार उपयोग नसतो. विचारायचं ते हे, की आपल्या कोपऱ्यावरून गर्दीच्या एका तासात किती गाड्या सुटू शकतात आणि आज किती येतात.

गिरणीवरची रांग

हे कळायला दळपाची गिरणी डोळ्यापुढं आणा. समजा गिरणीवाल्याला एक डबा दळायला सरासरी तीन मिनिटं लागतात, म्हणजे तासाला २० डबे. आता तासाला १० डबे येत असतील तर माणूस डबा ठेवल्यापासून पीठ घेऊन निघेपर्यंत सरासरी ६ मिनिटं जातात. १५ डबे यायला लागले तर १२ मिनिटं. १८ झाले तर ३० मिनिटं. आणि १९ झाले तर ६० मिनिटं!

परत एकदा वाचा, कारण सगळी गोम इथंच आहे. १० वरून १५ झाले, पाच डबे वाढले, तर वेळ वाढला ६ मिनिटं. १८ वरून १९ झाला, एकच डबा वाढला, तर वेळ वाढला अर्धा तास. डबे काही ठरलेल्या वेळाला एकेक करून येत नाहीत ना, कधी एकदम चार बायका येतात, कधी दहा मिनिटं कोणीच नाही, आणि गिरणी आधीच जवळजवळ भरलेली असेल तर एकदा मागं पडलेली रांग भरून काढायला मोकळा वेळच उरत नाही. २० च्या वर गेलं की विषयच संपला, लोक यायचे थांबेपर्यंत रांग वाढतच राहणार.

हे रांगेचं साधं सूत्र आहे. चौकात ते असंच्या असं लागू पडत नाही, तिथं मिनिटांचे आकडे वेगळे येतात, पण वाढण्याची तऱ्हा हीच असते, आधी हळूहळू आणि शेवटी एकदम. "काल-परवापर्यंत बरं होतं हो, यंदाच काय झालंय कळेना" असं आपण म्हणतो त्यामागं बहुतेक वेळा हेच असतं. यंदा विशेष काही झालेलं नसतं, दरवर्षीसारख्याच थोड्या गाड्या वाढलेल्या असतात, फक्त यंदा आपण १८ वरून १९ वर आलेलो असतो.

रेल्वे गेटाचं तर आणखीन वेगळं. टिळकवाडीत फाटक पडलं म्हणजे गिरणीची लाईट गेली असं समजा, दळप बंद पण डबे येतच राहतात, आणि लाईट आली की सगळ्यांना एकदमच पाहिजे असतं.

बाईक, कार, उसाची ट्रॉली, सगळं एका मापात कसं धरायचं?

यासाठी एक माप आहे, पीसीयू. एक कार रस्त्याला जेवढी जागा आणि वेळ खाते ते १ युनिट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या नियमावलीत प्रत्येक वाहनाचा भाव ठरवून दिलाय. दुचाकी एकूण वाहनांत १० टक्के किंवा जास्त असतील तर प्रत्येकी ०.७५, आणि आपल्याकडं त्या तेवढ्या असतातच. रिक्षा १.२, तिची संख्या जास्त असेल तर २. बस किंवा ट्रक २.२ ते ३.७. आणि ट्रॅक्टर-ट्रॉली ४ ते ५ युनिट! गळीत हंगामात उसाची एक ट्रॉली म्हणजे रस्त्याच्या हिशोबात पाच कार, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला पटवून द्यायची गरज नाही, तिच्या मागं अडकलेल्याला ते आधीच माहीत असतं.

त्याच नियमावलीत वसाहतीतून मोठ्या रस्त्याला जोडणाऱ्या दोन लेनच्या रस्त्यासाठी दोन्ही बाजू मिळून तासाला ९०० युनिट हा आकडा दिलाय. तो बऱ्यापैकी आरामात चालण्याचा आकडा आहे, त्यात सुमारे ३० टक्के मोकळीक धरलेली असते. पण ती मोकळीक सरळ रस्त्याला. चौकात सिग्नल असेल तर हिरवा दिवा चार बाजूंत वाटला जातो, नसेल तर पोलीस नाहीतर नुसती दादागिरी, त्यामुळं चौक किती सोडतो हे तिथं उभं राहून मोजूनच कळतं.

आता दोनशे फ्लॅटचा हिशोब

समजा, आणि हे खरंच समजायचं आहे, कुठल्या एका स्कीमचे हे आकडे नाहीत, आपल्या कॉर्नरवरून गर्दीच्या तासाला ९०० युनिट सुटतात आणि आज येतात ७००. दोनशे फ्लॅटमधून त्या एका तासात १२० दुचाकी बाहेर पडल्या, त्याचे ९० युनिट. ४० कार, त्याचे ४०. पोरांना न्यायला १० रिक्षा आत आल्या आणि बाहेर गेल्या, म्हणजे २० फेऱ्या, त्याचे २४. एकूण १५४, धरा १५५.

७०० चे झाले ८५५. वाढ २२ टक्के. बिल्डरच्या प्रेझेंटेशनमध्ये हाच आकडा दिसणार आणि तो खोटा नाही.

पण गिरणीवर जाऊन बघा. ९०० पैकी ७०० म्हणजे २० पैकी साडेपंधरा डबे, थांबायचं साधारण १३ मिनिटं. ९०० पैकी ८५५ म्हणजे बरोबर २० पैकी १९, थांबायचं ६० मिनिटं. गाड्या वाढल्या २२ टक्के आणि थांबणं वाढलं चौपटीच्या वर. गल्लीतली पहिली पार्टी ओरडते ते या चौपटीबद्दल आणि दुसरी पार्टी सांगते ते २२ टक्के, म्हणून दोघांचं कधी जमत नाही.

उलट बाजूसुद्धा सांगायला पाहिजे. तोच कॉर्नर आज ३०० वर चालत असेल तर ४५५ झाल्यावर कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणजे तेच अपार्टमेंट एका ठिकाणी निरुपद्रवी आणि दुसऱ्या ठिकाणी डोकेदुखी, दोष बिल्डिंगमध्ये शोधून सापडत नाही.

मागची भिंत

आता मूळ मुद्दा, आणि इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

बेळगावच्या आजूबाजूला लेआउट कसे वाढले बघा. एकाचं चार एकर रान, त्यानं एनए करून प्लॉट पाडले, आतमध्ये तीस फुटी रस्ते केले आणि ते रस्ते शेजारच्या बांधापाशी येऊन संपले. पाच-सात वर्षांनी शेजारच्याचं रान विकलं गेलं, त्यानंही प्लॉट पाडले, पण त्याच्या रस्त्यांची तोंडं दुसरीकडंच, आणि मध्ये कंपाउंड. कुठं कुठं तर दोन्हीकडचे रस्ते समोरासमोर येऊन थांबलेत, मध्ये एक भिंत आणि भिंतीला टेकून कचरा. अलीकडच्या घरातून पलीकडच्या घरात हाक मारली तर ऐकू येते, पण गाडीनं जायचं तर मेन रोडला येऊन, चौकातून वळून, परत आत. असे सात-आठ लेआउट एका ओळीत असले की सगळ्यांच्या सगळ्या गाड्या, अगदी कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणायला निघालेलीसुद्धा, त्याच एका मेन रोडवर आणि त्याच एका चौकात.

आणि गंमत अशी की मंजूर लेआउटमधले रस्ते मालकाला विनामोबदला सरकारी प्राधिकरणाच्या ताब्यात द्यावे लागतात, मग ते सार्वजनिकच झाले. एका प्लॉटवरच्या अपार्टमेंटच्या आवाराची गोष्ट वेगळी, ते त्यांचं खासगी, तिथं गेट आणि वॉचमन ठेवा. पण लेआउटच्या रस्त्याला गेट लावून "गेटेड कम्युनिटी" म्हणून विकतात तिथं विचारायला पाहिजे की बाबा हा रस्ता हस्तांतर झालाय का, आणि झाला असेल तर गेट कशाचं?

वरच्या हिशोबात एकच बदल करून बघा. दोनशे फ्लॅटच्या निम्म्या गाड्या मागच्या रस्त्यानं दुसऱ्या चौकाकडं गेल्या, तर आपल्या कॉर्नरवर ७०० चे ७७८ होतात. गिरणीवर ते साधारण २२ मिनिटं. ६० च्या जागी २२. मागच्या रस्त्यालाही आधीच गर्दी असेल तर तिथला हिशोब वेगळा करावा लागेल हे कबूल, पण चाळीस फुटी रस्ता साठ फुटी करून जे मिळत नाही ते बऱ्याचदा मागची भिंत फोडून मिळतं. यात खर्च फारसा नाही, अडचण आहे ती आपल्या मनाची. कारण भिंत फोडायला विरोध कोण करतं? आपणच. "आमच्या गल्लीतून बाहेरच्या गाड्या नकोत." प्रत्येक लेआउटनं असं म्हटलं की सगळ्यांच्या गाड्या मेन रोडवर येतात आणि मग सगळे मिळून मेन रोडच्या नावानं खडे फोडतात.

"पण रस्ता रुंद करून देणार म्हणतात"

देतील, आणि प्रोजेक्टच्या समोरचा शे-दोनशे फुटांचा भाग खरंच रुंद होईल. पुढं चौक तेवढाच राहिला तर रुंद रस्त्यावर रांगसुद्धा रुंद लागते, बाकी फरक काही नाही. आपल्याकडं गोगटे सर्कलजवळ, कपिलेश्वरला आणि तिसऱ्या गेटला रेल्वेवर उड्डाणपूल झाले, जिथं फाटक होतं तिथलं थांबणं वाचलं, हे चांगलंच झालं. पण पूल उतरल्यावरचा पहिला चौक जेवढ्या गाड्या सोडतो तेवढ्याच पुढं जाणार, त्यामुळं पुलाबरोबर त्या चौकाचाही विचार व्हायला पाहिजे.

"बायपास झाला की सुटेल" हेही नेहमी ऐकू येतं. हलगा-मच्छे बायपासचं काय झालं सगळ्यांना माहीत आहे, सुपीक रानं, शेतकऱ्यांचा विरोध, कोर्ट, तो वेगळाच विषय आहे आणि शेतकऱ्यांची बाजू हलकी नाही. इथं एवढंच की बायपासनं कमी होतात त्या शहराला नुसतं ओलांडून जाणाऱ्या गाड्या, गोव्याकडं निघालेला ट्रक वगैरे. नवीन फ्लॅटमधला माणूस शहरातच कामाला, पोरगं शहरातल्याच शाळेत, भाजी गणपत गल्लीतून. त्याला बायपासचा काय उपयोग?

"मग घरं बांधायचीच नाहीत काय?"

बांधायला पाहिजेत की. आज विरोध करणारे आपण पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्याच रानात घर बांधून आलो, तेव्हा आधीच्यांनी नाकं मुरडलीच होती. आणि शहराजवळ घर मिळालं नाही तर माणूस काय हवेत राहत नाही, तो लांब येळ्ळूर-मच्छेच्या पलीकडं जातो आणि रोज दुप्पट अंतर गाडी चालवत त्याच चौकातून येतो, म्हणजे ट्रॅफिक कमी झालंच नाही, फक्त आपल्या गल्लीतून दिसेनासं झालं.

आणखी एक. रीतसर मंजुरी घेऊन येणाऱ्या मोठ्या स्कीमला निदान प्रश्न विचारता येतात, अटी घालता येतात. रेव्हेन्यू साईट म्हणून शेतातच गुंठा-दोन गुंठे विकून जी घरं उभी राहतात तिथं रस्त्याची रुंदी, वळणाची जागा, काहीच कोणी तपासलेलं नसतं. ट्रॅफिकचा जास्त त्रास खरं म्हणजे तिथून होतो, पण तिथं बोर्ड लागत नाही म्हणून मोर्चाही निघत नाही.

आक्षेप कुठं आणि कधी घ्यायचा?

बहुतेक निवेदनं उशिरा जातात हे पहिलं दुखणं. शहराच्या विकासाचा नकाशा, महायोजना म्हणा किंवा मास्टर प्लॅन, तो १९६१ च्या कर्नाटक नगर आणि ग्राम नियोजन कायद्याखाली होतो आणि बेळगावात ते काम बुडाकडं, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडं. त्यात जमीन पिवळ्या म्हणजे रहिवासी झोनमध्ये असेल तर तिथं घरं होणार हे आधीच ठरलेलं असतं, नंतर "घरंच नकोत" म्हणून आरडाओरडा करून फारसं होत नाही. तिथं बोलायचं ते गेट कुठं असावं, मागचा रस्ता जोडावा, पार्किंग किती, यावर.

जमीन शेतीच्या हिरव्या पट्ट्यात असेल आणि वापर बदलून घ्यायचा असेल तर मात्र त्याच कायद्याच्या कलम १४-ए प्रमाणं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन निदान १५ दिवस लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. हेच ते पंधरा दिवस. नोटीस बहुतेक वेळा कन्नडमध्ये, बारीक टाईपात, आतल्या पानावर असते आणि आपल्या घरात मराठी पेपर येतो, त्यामुळं ती नजरेतून सुटते. गल्लीत एखादा कन्नड नीट वाचणारा पोरगा असतोच, त्याला हे काम लावून द्या, भाषेच्या वादात आपली बाजू काहीही असो, मुदत कोणासाठी थांबत नाही.

स्कीम मोठी असेल, सगळे मजले आणि तळघर धरून २०,००० चौरस मीटरच्या वर, तर २००६ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणं पर्यावरण परवानगी लागते. बिल्डिंगच्या प्रोजेक्टला जनसुनावणी लागत नाही हे लक्षात ठेवा, खूप लोक तिची वाट बघत बसतात. पण त्या अर्जात वाहनांना पार्किंग कमी पडेल का आणि आत-बाहेर जाण्याच्या जागी ट्रॅफिकची काय व्यवस्था, असा प्रश्न असतो, आणि कुठल्या भागात तर "हवा" या भागात! म्हणून चाळताना सापडत नाही. बिल्डरनं तिथं काय लिहून दिलंय ते आधी वाचा. शिवाय ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले तर रेरामध्ये, म्हणजे घरबांधणीच्या प्रोजेक्टवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडं, नोंदणी लागते, मंजूर नकाशा त्या वेबसाईटवर कोणालाही दिसतो. तिथं नाही मिळाला तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, उत्तराची मुदत ३० दिवस.

आणि निवेदनात "कोंडी होईल" लिहू नका, आकडा लिहा. शाळा चालू असताना मंगळवार ते गुरुवार यातला एखादा दिवस धरा, सणाचा आणि पावसाचा सोडून. सकाळी साडेआठ ते साडेनऊ, कोपऱ्यावरच्या एखाद्या घराच्या गच्चीवरून मोबाईलनं शूटिंग करा आणि नंतर घरी बसून पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग पाडून दुचाकी, कार, रिक्षा, बस वेगवेगळ्या मोजा, वरच्या भावानं युनिट काढा. कॉलेजच्या पोरांना सांगितलं तर एका संध्याकाळचं काम. मोजलेला कागद टेबलावर ठेवला की अधिकाऱ्याला तो खोडून तरी काढावा लागतो नाहीतर मान्य तरी करावा लागतो, पन्नास सह्यांच्या कागदाला नुसता "पोच" शिक्का मिळतो.

"आता काय उपयोग, बांधकाम तर सुरू झालंय"

तरी काही गोष्टी हातात राहतात. खडी-वाळूचे डंपर शाळेच्या वेळेत नकोत, हे ट्रॅफिक पोलिसांकडं आणि ग्रामपंचायत हद्द असेल तर पीडीओकडं, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याकडं, लिहून द्यायचं, यात कोणाचं नुकसान नाही म्हणून बऱ्यापैकी ऐकलं जातं. गेट चौकाला अगदी चिकटून येत असेल तर ते शक्य तेवढं लांब सरकवायला सांगायचं, भिंत उभी राहायच्या आधी हे करणं सोपं. आणि बिल्डिंग पूर्ण होऊन राहायला परवानगी द्यायच्या आधी मंजूर नकाशा हातात घेऊन तळमजल्याचं पार्किंग बघून यायचं, कारण नकाशात पार्किंग आणि जागेवर शटर लावलेले गाळे हा प्रकार आपल्याकडं नवा नाही, आणि तिथं मावल्या नाहीत त्या सगळ्या गाड्या दोन्ही बाजूंनी रस्त्यावर उभ्या राहतात, म्हणजे आपला चाळीस फुटी रस्ता तिथंच वीस फुटी झाला.